मुलचेऱ्याचा आकडा मुलचेऱ्याने तपासावा

मुलचेऱ्याच्या पोरापोरींनो, आशाताई, अंगणवाडीताई, टोल्यावर पाहुणे येतात, रक्त घेतात, बाळाचं वजन टिपतात, कागदावर अंगठा घेतात आणि जातात. पुढे शहरात कुठेतरी एक टक्केवारी छापली जाते. डॉक्टर किती, औषध किती, पैसा किती, हे तिच्यावर ठरतं. ती कशी काढली, हे विचारायला उठा!

आपल्या तालुक्यात माडिया-गोंडांचे टोले आहेत, तशाच पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. शेती वेगळी, जेवण वेगळं, दवाखान्याचं अंतर वेगळं. दोघांची मिळून एकच सरासरी काढली, की रस्त्यालगतच्या गावाचं बरं चित्र आतल्या टोल्याच्या नावावर चढतं. वर्षाला वीस बाळं जन्मणाऱ्या गावात एक दगावलं, तर दर हजारी ५०. पुढच्या वर्षी एकही नाही, तर शून्य. तेवढ्यावर कुणी योजनेचं यश मिरवत असेल, तर त्याला अडवा. वीस गोष्टी तपासून योगायोगाने जुळलेली एकच छापणं आणि बाकीच्या दडवणं, ही तर विज्ञानाच्या नावाने केलेली फसवणूक.

खरी मोजणी काय करू शकते, हे आपल्याच गडचिरोली जिल्ह्याने जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांत सेवा नेहमीचीच ठेवली, पण जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू एकीकडे २५.५, दुसरीकडे ५९.६. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. ती ४७ गावं नसती, तर बाळं काळजीमुळे वाचली की वर्षच बरं गेलं, हे कुणी सांगितलं असतं? २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने तर दाखवलं की राज्यातले बहुसंख्य बालमृत्यू सरकारी नोंदीत उतरतच नव्हते. कागदावर जे मूल मेलंच नाही, त्याच्या भावंडासाठी डॉक्टर कोण पाठवणार?

आकडेमोड आपल्याला झेपणार नाही, असं म्हणू नका. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट बसवून जंगलाचा कायदा वाचला, समजून घेतला आणि वनहक्क मिळवला. दहावी शिकलेली मुलगी भागाकार करते, तेवढा पुरतो.

पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या. गावात अभ्यासाला येणाऱ्याने आधी सांगावं: काय शोधणार, किती घरं घेणार, कोणते टोले सोडणार आणि का. निघालेले सगळे आकडे, न जुळलेलेही, मराठीत, माडियात आणि बंगालीत गावासमोर वाचून दाखवावेत. आणि आशाताई, गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू ग्रामसभेच्या वहीत आजपासून लिहायला घ्या. सरकारी आकडा आला की शेजारी ठेवून ताडून पाहा.