बीजकोशावरचा आळ

दहा लाखांत वर्षाला जेमतेम एक-दोघांना होणारा आजार, त्यावर आपल्या अंकाची पानं कशाला, असं काही मैत्रिणी विचारतात. मी म्हणते, पानं द्यायलाच हवीत. बाईच्या शरीराकडे बघण्याची डॉक्टरी नजर या दुर्मिळ कर्करोगात उघडी पडते.

स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी हे त्याचं नाव. १८८४ मध्ये वेर्थ यांनी ते दिलं, तेही बीजकोशाच्या गाठीवरून. १९०१ मध्ये फ्रेंकेल यांनी अपेंडिक्सशी असलेलं नातं दाखवलं. तरी पुढची नव्वद वर्षं रोगी बाई असली की खापर बहुधा बीजकोशावरच! पुरुषाला बीजकोश नाही, त्यामुळे त्याचं अपेंडिक्स तरी पाहिलं जायचं.

निवाडा केला तो पेशींनी. १९९० च्या दशकात, बीजकोशातून काढलेल्या गाठींच्या पेशींवर आतड्याच्या प्रथिनांच्या खुणा सापडल्या. २००२ मध्ये दिसलं, की या पेशी एमयूसी-२ हे चिकट प्रथिन बनवतात. आतड्यातल्या श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींचं ते काम. अपेंडिक्स फुटलं की त्या पोटाच्या पोकळीत सांडतात. रक्तातून क्वचितच जातात. पोटातल्या द्रवाबरोबर वाहत बीजकोशावर, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर जाऊन बसतात आणि श्लेष्मा ओतत राहतात. यातल्या अनेक गाठींत जीएनएएस नावाच्या जनुकात बिघाड असतो, आणि त्या बिघाडाने श्लेष्म्याचं उत्पादन वाढतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. क्वचित रोग बीजकोशातही सुरू होतो, हे मान्य. पण बहुतेक वेळा बीजकोश म्हणजे दुसऱ्यांनी बळकावलेलं घर.

आळ चुकीच्या अवयवावर आला की उपचारही चुकतात. बीजकोश, गर्भपिशवी काढली आणि अपेंडिक्स तसंच राहिलं, तर उगम आतच राहतो. रक्तातून दिलेलं औषध या संथ वाढणाऱ्या, श्लेष्म्यात बुडालेल्या पेशींवर फारसं चालत नाही. पोटातला सगळा रोग खरवडून काढून तिथेच गरम औषध फिरवणं, ही शस्त्रक्रिया वेगळीच, आणि भारी खर्चाची.

रोगी थोडे, म्हणून औषध कंपन्यांना यात नफा नाही. श्लेष्म्यात पेशी विरळ, म्हणून प्रयोगशाळेत त्या वाढवणंही अवघड. म्हणूनच सरकारी पैसा हवा.

आणि आपण? बीजकोशाची श्लेष्मल गाठ निघाली, की बाईबरोबर जाणाऱ्या कार्यकर्तीने दोन प्रश्न विचारावेत. अपेंडिक्स पाहिलं का? पेशी आतड्याच्या की बीजकोशाच्या, हे तपासलं का? उत्तर लेखी मागावं. काढलेला तुकडा संशोधनाला द्यायचा की नाही, हे तिला तिच्या भाषेत विचारलं गेलं पाहिजे, भूल देण्याआधी.