बोटीवरचा गोंगाट आणि कायद्याबाहेरचे कान

गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला लाँचने जाताना इंजिनाची धडधड जाणवते. प्रवासी धक्क्यावर उतरला की सुटतो. तांडेल आणि खलाशी दिवसभर त्याच आवाजात असतात. हौसेच्या मोटर यॉटवरही पाहुणे बदलतात, कर्मचारी तेच राहतात.

जहाजांवरील आवाजासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची संहिता आहे. २०१२ मध्ये मंजूर झालेली ही संहिता १ जुलै २०१४ पासून १६०० टनेज व त्यापुढील नव्या जहाजांना लागू झाली. त्यानुसार यंत्रकक्षात ११० डेसिबल, नियंत्रण कक्षात ७५ आणि केबिनमध्ये जहाजाच्या आकारानुसार ५५ किंवा ६० डेसिबल ही मर्यादा आहे. मासेमारी नौका आणि खासगी यॉट मात्र या संहितेतून वगळल्या आहेत. म्हणजे जिथे माणूस इंजिनाच्या सर्वांत जवळ बसतो, तिथेच हा नियम पोहोचत नाही.

प्रश्न केवळ त्रासाचा नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. कानातील संवेदनशील पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

उपाय आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. अनेक मालक थेट फोम चिकटवतात. फोम हवेतला आवाज थोडा शोषतो. मात्र इंजिनाची कंपने पायापासून सांगाड्यात शिरली की सगळी बोटच ढोलासारखी वाजते. म्हणून आधी कंपनाचे मूळ शोधावे: वाकलेले पंख्याचे पाते, शाफ्टची चुकलेली सरळ रेषा, कडक झालेले रबरी माउंट. नवे लवचीक माउंट बसवले, पण शाफ्टची जोडणी आणि पाइप ताठच ठेवले, तर कंपने त्या वाटेने जातात. त्यानंतर इंजिनाच्या पेटीच्या फटी बुजवाव्यात, आतून जड थर आणि आग न पकडणारा फोम लावावा. इंजिनाला लागणारी हवा मात्र वळणाच्या मार्गाने मिळालीच पाहिजे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. पाते आणि माउंट तपासण्याची हीच वेळ. शाफ्टची रेषा मात्र बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावी, कारण पाण्यात सांगाड्याचा आकार किंचित बदलतो.

कोचीच्या वॉटर मेट्रोत २०२३ पासून बॅटरीवर चालणाऱ्या बोटी धावत आहेत. आपल्याकडे तसा बदल होईपर्यंत डिझेल इंजिनेच चालणार. तोवर बोटीच्या वार्षिक तपासणीत आवाजाचे मोजमाप आणि इंजिनाजवळ काम करणाऱ्यांना कर्णरक्षक, एवढे तरी सक्तीचे व्हायला हवे.