आधी माईक, मग कॅमेरा
लघुपटाला पैसा कमी लागतो, पण माणसं जिवाभावाची लागतात. मित्राच्या घरात शूटिंग, रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलची शीट, आवाज स्वच्छ यावा म्हणून भर उन्हाळ्यात बंद ठेवलेला पंखा. चित्र थोडं धूसर असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद ऐकू आला नाही की उठून जातो. म्हणून चार पैसे हाती आले की आधी चांगला माईक भाड्याने आणावा. अशा छोट्या सुरुवातीतूनच मोठी वाट निघते: दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा सन्मान मिळाला, ‘फँड्री’ हा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट त्यानंतरचा. असे दिग्दर्शक घडायला हवे असतील, तर आपल्या गावातल्या लघुपट महोत्सवाला जा आणि तिकीट काढून बघा.