चर्चमधील तसबिरी आणि आमचा स्वाभिमान

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही दोन कुटुंबें धाराशिवाहून गोव्यास गेलों होतों. जुन्या गोव्यांत सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचें चर्च आहे. फ्रान्सिस्कन साधू तेथें १५१७ सालीं आले. आज उभी असलेली वास्तु १६६१ ची. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें धर्मसंघ मोडले आणि चर्चला लागून असलेला मठ ओस पडला. १९६४ पासून त्या मठांत भारतीय पुरातत्त्व विभागाचें संग्रहालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांच्या व व्हाइसरॉयांच्या तसबिरी ओळीनें लावलेल्या आहेत. त्या पाहतां पाहतां माझे स्नेही एकाएकीं थांबले आणि म्हणाले, "सर, ज्यांनीं आमचीं देवळें पाडलीं, त्यांचीं तोंडें आमच्याच पैशानें आम्हीं कां जपावीं? हें सारें उतरवून टाकलें पाहिजे."

माझे स्नेही वाचणारे गृहस्थ आहेत, आणि हें मत त्यांच्या एकट्याचें नाहीं. कोणत्याहि सुशिक्षिताच्या दिवाणखान्यांत तें आज ऐकूं येतें. म्हणूनच त्याचें उत्तर खासगींत न देतां चारचौघांत देणें मला अवश्य वाटतें.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, त्यांचा राग निराधार नाहीं. सोळाव्या शतकांत बार्देश आणि साष्टी या महालांतील देवळें पाडण्यांत आलीं. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापन झाली आणि मधलीं चार वर्षें सोडलीं तर ती १८१२ पर्यंत चालली. १६८३ सालीं संभाजी महाराजांनीं ज्याला कोंडींत धरलें होतें, त्याच आल्व्होरच्या काउंटनें दुसऱ्या वर्षीं फर्मान काढलें कीं, येथील लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. हा इतिहास कोणी गोड करून सांगूं लागला, तर त्याला विरोध करणाऱ्यांत मीहि असेन.

पण या रागांतून काढलेला निष्कर्ष मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. माझे स्नेही चौक आणि संग्रहालय यांतील भेदच विसरतात. चौकांत पुतळा उभारतात तो मानासाठीं. संग्रहालयांत वस्तु ठेवतात ती पुराव्यासाठीं. कवि कामोंइशचा ब्राँझचा पुतळा पूर्वी जुन्या गोव्यांत उघड्यावर उभा होता. आतां तो या संग्रहालयांत आहे. त्याची जागा बदलली तेव्हां त्याचा अर्थहि बदलला. न्यायालयांत आरोपीची तलवार जपून ठेवतात, तिला कोणी पूजा म्हणत नाहीं.

आणि पुरावा नष्ट झाला तर लाभ कोणाचा होतो? याचें उत्तर जुन्या गोव्यांतच आहे. ज्या वाड्यांत ती धर्मन्यायसभा बसे, तो वाडा आज उभा नाहीं. १८१२ नंतर तिचें बहुतेक दप्तर नष्ट करण्यांत आलें, आणि तें नष्ट करणारे कोणी देशाभिमानी गोमंतकीय नव्हते; राज्यकर्तेच होते. किती जणांना तेथें काय भोगावें लागलें, याचा पुरा हिशेब त्यामुळें आपणांस आतां कधींच मिळणार नाहीं. भिंतीवरील तसबीर उतरवूं पाहणारा देशभक्त तेंच काम पुढें चालवूं पाहत आहे, आणि तेंहि फुकट!

शुद्धीकरणाचा हाच न्याय आपल्या घरीं लावून पाहूं. धाराशिवापासून जवळच तेर आहे. पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवृत्तांतानें 'तगर' म्हणून उल्लेखिलेलें, गोरोबाकाकांचें तेर. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें मंदिर मुळांत बौद्ध चैत्यगृह होतें, असें अनेक विद्वानांचें मत आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत जी घंटा टांगलेली आहे, ती १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा म्हणून प्रसिद्ध आहे. फादर स्टीफन्सचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं त्याच पोर्तुगीज मुलखांत रोमन लिपींत छापलें गेलें. पण त्याची भाषा आपली मराठी आहे. चैत्य कोणाला परत द्यावयाचा, घंटा कोठें टाकावयाची, आणि मराठी वाङ्मयांतून किती ओव्या वजा करावयाच्या, हें माझ्या स्नेह्यांनीं एकदां सांगावें. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें बदललें. तें बरें झालें कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. परंतु पाटी बदलल्यानें १९४८ पर्यंत येथें निजामाचा अंमल होता ही गोष्ट बदलत नाहीं, आणि ती बदलूंहि नये. नाहीं तर त्या अंमलाविरुद्ध जे लढले ते कोणाशीं लढले?

आतां शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच संग्रहालयांत वीरगळ आहेत आणि सतीशिळाहि आहेत. व्हाइसरॉयांसमोर संतापानें उभे राहिलेले माझे स्नेही या शिळांवरून तशीच दृष्टि फिरवून गेले होते. चर्चमधील सोनेरी वेदीपुढें आ वासून उभी राहणारी इतर मंडळीहि तेथें थांबत नव्हती. दुसऱ्यानें आपल्यावर केलेला जुलूम डोळ्यांत सलतो म्हणून त्याचीं चिन्हें काढावयाचीं, तर आपणच आपल्या लेकीसुनांवर केलेल्या जुलमाचीं हीं चिन्हें कां ठेवावयाचीं? आणि हीं ठेवणें जर इष्ट असेल, तर तीं कां काढावयाचीं? दोहोंना एकच न्याय लागतो. संग्रहालय ही मानापमानाची जागा नसून हिशेबाची जागा आहे, आणि हिशेबाच्या वहींतलें जमेचें पान तेवढें राखून नांवेचें पान फाडणाऱ्याला व्यापारांतहि कोणी प्रामाणिक म्हणत नाहीं.

तेव्हां तसबिरी असूं द्याव्या. आपलीं मुलें त्यांच्यापुढें उभीं करावीं आणि कोणी काय केलें तें त्यांना सालवार सांगावें. त्यासाठीं आधीं आपण वाचावें लागेल. तसबीर उतरविण्यापेक्षां हें काम जड आहे, हें मला ठाऊक आहे.

परत निघतांना स्नेह्यांची बारा वर्षांची नात सतीशिळेपाशीं रेंगाळली होती. आमच्या मराठवाड्यांत गांवोगांवीं अशा शिळा आहेत. बांगड्या भरलेला एक हात तेवढा त्यांवर कोरलेला असतो. तिनें तो आपल्या गांवच्या वेशींत पाहिला होता. "आजोबा, त्या दगडावरची बाई कोण होती?" तिनें विचारलें. स्नेही कांहीं बोलले नाहींत. गाडींत बसल्यावर मात्र त्यांनीं मला हळूच विचारलें, "सर, याविषयीं वाचण्यासारखें पुस्तक कोणतें?"