रेल्वे, एसटी की कार? बुलढाण्यात उत्तर घाट ठरवतो

नागपूरला जायचंय, कशानं जाल? बुलढाणा जिल्ह्यात याचं उत्तर तुम्ही घाटावर राहता की घाटाखाली, यावर ठरतं.

घाटाखाली: मलकापूर, नांदुरा आणि शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहेत. जनरल किंवा स्लीपरचं तिकीट खिशाला परवडतं, रात्री झोपूनही जाता येतं.

घाटावर: जिल्ह्याचं मुख्यालय असूनही बुलढाणा शहरात रेल्वे नाही. त्यासाठी सुमारे ४५ किलोमीटरवरचं मलकापूर गाठावं लागतं. चिखली, मेहकर, लोणारलाही रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी ब्रिटिश काळापासूनची, पण मार्ग अजून झालेला नाही.

मग उरतो रस्ता. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो. चौघं असतील तर कारचं पेट्रोल आणि टोल वाटून घेता येतो. एकट्यासाठी एसटी बरी. महिलांना तर २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

पण याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवाशांचा जीव गेला. म्हणून रात्रीचा प्रवास शक्यतो रेल्वेनं करावा, हा सल्ला योग्यच. घाटावरच्या माणसानं तो पाळायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.