सर्व शाखांना अखेरचा इशारा: मुदत १५ मे, सायंकाळी ६

हा इशारा संस्थेच्या सर्व शाखांचे मुख्याध्यापक, कार्यालय अधीक्षक आणि पालक-गटांचे मेल सांभाळणारे शिक्षक यांच्यासाठी आहे. तुमच्या शाखेचे मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून जातात, याची लेखी माहिती १५ मेच्या सायंकाळी ६ पर्यंत द्या आणि त्या प्रत्येक सर्व्हरवर डीकिमची सही सुरू करून घ्या. १६ मे रोजी संस्थेच्या डोमेनचे डीमार्क धोरण ‘रिजेक्ट’ होईल. ज्या मेलची ओळख पटणार नाही, तो पालकाच्या स्पॅममध्येही पडणार नाही. जीमेल, याहू त्याला दारातूनच परत पाठवतील.

ईमेल ज्या एसएमटीपी पद्धतीने जातो, ती १९८२ सालची आहे. पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचाही पत्ता लिहा, ती पद्धत स्वतःहून तो तपासत नाही. आपल्या नावाने फी मागणारा आणि खाली भलताच यूपीआय आयडी देणारा मेल आज कुणीही घरबसल्या पाठवू शकतो. संस्थेचा शिक्का आपण फाटकाबाहेर उघडा ठेवला आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतील. उसनवारी करून फी भरणाऱ्या पालकाला कुणी आपल्या नावाने लुबाडले, तर ‘आमचा सर्व्हर हॅक झाला नव्हता’ हे उत्तर त्याच्या तोंडावर फेकता येणार नाही. मी ते फेकू देणार नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन टीएक्सटी नोंदी लागतात. आपले मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, हे एसपीएफ सांगते. डीकिमची सार्वजनिक किल्ली मेलवरची सही पडताळते. या दोन्हींपैकी एकही तपासणी ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळली नाही तर काय करायचे, ते डीमार्क ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलने या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. निकालाच्या दिवशी आपण सगळ्या शाखा मिळून तो आकडा ओलांडतो.

काही शाखांनी परस्पर दुसरी एसपीएफ नोंद घालायला सांगितली आहे. ती घातली जाणार नाही. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच चुकीची ठरते. त्या एका नोंदीतही डीएनएसच्या १० चौकश्यांची मर्यादा आहे, म्हणून फी-सॉफ्टवेअर, एसएमएसवाला, जुने होस्टिंग असे सगळेच तिच्यात कोंबता येणार नाहीत. शेवटी ‘+ऑल’ लिहून मोकळे व्हा, असा सल्ला कुणी देत असेल तर त्याला कार्यालयात पाऊल ठेवू देऊ नका. त्याचा अर्थ साऱ्या जगाला परवानगी. आणि डीकिमची खासगी किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तशी आलेली किल्ली त्याच दिवशी रद्द होईल.

सर्वांत जास्त धोका पालक-गटांच्या मेलला आहे. एका पालकाचे पत्र गटाच्या पत्त्यावर येते आणि तिथून शेकडो जणांना जाते. वाटेत विषयाला वर्गाचे नाव चिकटते, खाली तळटीप जोडली जाते, आणि मूळ सही तुटते. पाठवणारा सर्व्हर गटाचा असल्याने एसपीएफही पालकाच्या डोमेनशी जुळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपले धोरण ‘रिजेक्ट’ केले, तेव्हा जगभरच्या गटांवर हेच ओढवले: याहूवरून लिहिलेली पत्रे जीमेलवरच्या सभासदांकडून परत येऊ लागली, आणि इतके मेल परत येतात म्हणून गटांच्या सॉफ्टवेअरने त्या निरपराध सभासदांनाच वगळले. म्हणून गटाच्या मेलमध्ये ‘फ्रॉम’च्या जागी गटाचाच पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये लिहिणाऱ्याचा पत्ता, ही मांडणी सक्तीची आहे. गटाच्या सर्व्हरने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेलवर आपल्या डोमेनची सही केलीच पाहिजे.

‘आमचे मेल तर व्यवस्थित पोचतात’ ही सबब ऐकली जाणार नाही. डीमार्कचे अहवाल रोज येतात. कोणत्या सर्व्हरवरून किती मेल सहीविना गेले, हे त्यांत दिसते आणि शाखानिहाय यादी तयार आहे.

१५ मेला ६ वाजेपर्यंत ज्या शाखेची माहिती आली नसेल, तिचे गट त्याच रात्री थांबवले जातील आणि फीची सूचना छापील पत्राने, शाखेच्या खर्चाने पाठवावी लागेल. मुदतवाढीचे अर्ज घेतले जाणार नाहीत.