वेदोक्ताचा अधिकार आणि इंग्रजीची सूट

विलायतेत उच्च शिक्षणाकरिता जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या मुलांस पहिल्या प्रथम विचारले जाते ते हे की, तुला इंग्रजी येते हे कशावरून? त्याकरिता आयईएलटीएस, टोफेल अशा परीक्षा आहेत. टोफेल १९६४ साली निघाली, आयईएलटीएस १९८९ साली. आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे पाहून ९ पैकी गुण देतात, आणि विद्यापीठे बहुधा ६.५ च्या आसपास मागतात. फी १८ हजार रुपयांच्या घरात. म्हणजे सुमारे चार क्विंटल सोयाबीन! शिवाय हे गुण दोनच वर्षे चालतात. गुण कमी पडले की पुन्हा फी, पुन्हा शहराची वारी.

परंतु ही परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते असे नाही. पुष्कळांस तिची सूट मिळते. ती कोणास मिळते हे आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनी नीट समजून घ्यावे, कारण खरी मेख तेथेच आहे.

ब्रिटिश सरकारने इंग्रजी बोलणाऱ्या देशांची एक यादी केली आहे. तीत अमेरिका, कॅनडा, जमैका, माल्टा इत्यादी देश आहेत. तेथील नागरिकास व्हिसासाठी इंग्रजीचा पुरावा द्यावा लागत नाही. भारताचे नाव त्या यादीत नाही. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो, त्या देशातील पदवीधराने आपले इंग्रजी सिद्ध करावे, आणि दुसऱ्याने केवळ अमुक देशाचा म्हणून मोकळे सुटावे, हा कोठला न्याय? १८९९ सालचे कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण आम्ही विसरलो नाही. तेथेही प्रश्न ज्ञानाचा नव्हता, जन्माचा होता. छत्रपतींनासुद्धा अधिकार नाही म्हणणारी बुद्धी आणि ही यादी करणारी बुद्धी या सख्ख्या बहिणी नव्हेत काय?

आता घरातली गोष्ट पाहा. विलायतेतील कित्येक विद्यापीठे पदवीच्या अभ्यासक्रमापुरती स्वतःच्या अधिकारात ही परीक्षा माफ करतात. सीबीएसई किंवा आयएससीच्या बारावीत इंग्रजीला ७० टक्क्यांच्या आसपास गुण असले की पुष्कळ ठिकाणी काम भागते. राज्य मंडळाच्या मुलाकडून मात्र काही ठिकाणी त्याहून जास्त गुण मागतात, तर काही ठिकाणी ठराविक राज्यांचीच मंडळे मान्य करतात. म्हणजे ज्याच्या बापाने लहानपणापासून महागड्या शाळेची फी भरली, त्याला परीक्षा माफ. आणि जो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, त्याने १८ हजार भरावे! ज्याच्यापाशी आहे त्यालाच सूट, ज्याच्यापाशी नाही त्याच्यावर पट्टी. गावच्या जुन्या इनामदारीचा मासला याहून वेगळा होता काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. टोफेल निघावयास तेव्हा ५१ वर्षांचा अवकाश होता. मुंबई विद्यापीठाची पदवी हाच त्यांचा दाखला होता, आणि त्या दाखल्याने कोलंबियाचे काही नुकसान झाले नाही!

आम्ही परीक्षेचे वैरी नव्हेत. जन्म पाहून दार उघडण्यापेक्षा ज्ञान पाहून उघडणे शंभर पटींनी बरे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे रयतेच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला, तेव्हा दयेची भीक मागितली नाही. रयतेच्या पैशावर रयतेचा हक्क सांगितला. आम्हीही तेच सांगतो. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. ते कागदावर पुरेसे नाही. पोराला इंग्रजीत चार वाक्ये न अडखळता बोलता आली पाहिजेत. तसे शिकवणारा शिक्षक प्रत्येक गावी द्या, मग आमची पोरे कोणतीही परीक्षा देतील. दुसरे असे की, सरकारी परदेश शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असावे लागते, आणि प्रवेशपत्रापूर्वी इंग्रजीची परीक्षा येते. शिष्यवृत्ती पुढे, खर्च अगोदर! तेव्हा गरिबाच्या मुलास परीक्षेची फी आगाऊ मिळाली पाहिजे.

सरकार हालेपर्यंत आईबापांनी काय करावे? मुलाची पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर महाविद्यालयाकडून तसा माध्यमाचा दाखला मागावा. इंजिनियरिंग, फार्मसीचे शिक्षण बहुधा इंग्रजीतच होते, मग दहावी मराठीतून झालेली असो. पुष्कळ विद्यापीठे या दाखल्यावर परीक्षा माफ करतात. परंतु ही गोष्ट आमच्या घरांत कोणी सांगत नाही. फी भरण्यापूर्वी थेट विद्यापीठाला पत्र लिहून लेखी उत्तर घ्यावे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी डुओलिंगोची परीक्षा चालते. तिचा खर्च आयईएलटीएसच्या निम्म्याहूनही कमी आणि ती घरी बसून देता येते.

आणि एजंटापासून सांभाळावे! पुष्कळ एजंटांस परदेशी विद्यापीठांकडून दलाली मिळते. त्यांचा सल्ला फुकट असला तरी निरपेक्ष नसतो. कोणी खोटा दाखला करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. विलायतेच्या व्हिसाच्या अर्जात लबाडी उघडकीस आली, तर दहा वर्षे दार बंद होऊ शकते. शेत गहाण टाकून काढलेला पैसा अशा कागदापायी बुडाला, तर सावकार काही सूट देणार नाही.

पूर्वी विद्येच्या दारावर जात विचारीत, आज शाळेचे नाव विचारतात. दार तेच आहे. ते ठोठावण्याचा हक्क आमच्या लेकरांचा आहे, आणि त्यांच्या हाती योग्य कागद व खरे ज्ञान देणे हे आपले काम आहे.